मंद झालेल्या कॉम्प्युटरची झाडलोट: डिस्क क्लीनअप, डीफ्रॅग आणि रजिस्ट्रीचा नाद

"मशीन चालू करतो, चहाला जातो, परत आलो तरी गोल फिरतंयच बघा." सांगलीच्या मार्केट यार्डातल्या कुठल्या ना कुठल्या अडत दुकानाचे दिवाणजी दर जानेवारीत मला हे ऐकवतात. हळदीची आवक सुरू झालेली असते, पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या मालाच्या विक्रीचे हिशेब, करायच्या असतात, आणि वर्षभर कुणी ढुंकूनही न बघितलेला कॉम्प्युटर नेमका तेव्हा आडवा पडतो. त्यांचं पुढचं वाक्यही मला पाठ आहे. "जरा रजिस्ट्री साफ करून, डीफ्रॅग मारून द्या की."

ही मागणी पंधरा वर्षांपूर्वीची आहे, मशीन मात्र आजचं. डीफ्रॅग, म्हणजे डिस्कवर तुकड्यांत विखुरलेल्या फाईली जोडून नीट लावणं, फिरत्या तबकडीच्या डिस्कवर अजूनही उपयोगी आहे, पण ते शेवटून दुसरं काम. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची स्वतःच्या नोंदींची वही, साफ करणं हे तर बहुतेकांनी करूच नये असं काम. मी कोणत्या क्रमानं मशीन हातात घेतो ते खाली सांगतो. हा क्रम मी लोकांच्या मशीनवर चुका करून शिकलोय, त्यामुळे तो तेवढा बदलू नका. बटणांची आणि प्रोग्रॅमची नावं इथे देवनागरीत आहेत, मशीनवर ती इंग्रजीतच शोधायची.

आत तबकडी आहे की चिप

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटी खिडकी आली तर 'मोअर डिटेल्स' दाबा आणि 'परफॉर्मन्स' टॅबवर जा. डावीकडे 'डिस्क ०' असं दिसेल आणि त्याखाली एचडीडी किंवा एसएसडी लिहिलेलं असेल. विंडोज ८ मध्ये आणि विंडोज १० च्या जुन्या आवृत्त्यांत हे लिहून येत नाही. तिथे स्टार्ट मेनूत डीफ्रॅग शोधा. जी खिडकी उघडेल तिच्यात 'मीडिया टाइप' नावाच्या रकान्यात उत्तर असतं.

एचडीडी म्हणजे फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क, एसएसडी म्हणजे नुसत्या चिपा. पुढचं निम्मं काम या एका उत्तरावर ठरतं.

त्याच टॅबवर दोन मिनिटं थांबा. मशीन रखडलेलं असताना डिस्क शंभर टक्के आणि सीपीयू (प्रोसेसर) दहा-पंधरा टक्के दाखवत असेल, तर अडथळा डिस्कचा आहे आणि हा लेख तुमच्या कामाचा आहे. मेमरी नव्वदच्या पुढे अडकली असेल, तर कितीही झाडलोट करा, रॅम वाढवल्याशिवाय फरक पडणार नाही. दिवाणजींच्या मशीनवर बहुतेक वेळा दोन्ही असतं, हा भाग वेगळा.

बॅकअप, आणि डी ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे

"डेटा डी मध्ये टाकलाय, काळजी नाही." हे वाक्य ऐकलं की मला २०१९ चा ऑगस्ट आठवतो. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा नदीनं ५७ फुटांची पातळी ओलांडली होती. पाणी ओसरल्यावर चिखलानं भरलेली कॅबिनेटं रिक्षातून माझ्याकडे यायची. त्यातल्या कित्येकांची प्रत डी ड्राइव्हमध्ये होती. सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे. कपाटच पाण्यात गेल्यावर वरचा कप्पा काय नि खालचा काय.

तेव्हा बाहेरची हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह लावा. टॅलीचं डेटा फोल्डर घ्या, डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स घ्या, ईमेल आउटलुकमध्ये असेल तर त्याची पीएसटी फाईल घ्या, मराठी टायपिंगसाठी वेगळे फॉन्ट घातले असतील तर तेही घ्या. लग्नपत्रिका छापणाऱ्यांना या शेवटच्या गोष्टीचं महत्त्व सांगायची गरज नाही. कॉपी झाल्यावर तो ड्राइव्ह दुसऱ्या मशीनला लावून दोन-चार फाईली उघडून बघा. न उघडणारा बॅकअप मी पुष्कळ पाहिलाय.

डिस्कची तब्येत

ही पायरी गाळायची नाही.

माझ्या सुरुवातीच्या काळात एका बेदाण्याच्या व्यापाऱ्याचं मशीन आलं होतं. डिस्क अधूनमधून टिक-टिक आवाज करायची. मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. तुकडे फार झालेत म्हणून रात्रभर डीफ्रॅग लावून घरी गेलो. सकाळी स्क्रीन काळी आणि डिस्क बायोसमध्येही, म्हणजे विंडोजच्या आधी उठणाऱ्या मशीनच्या मूळ प्रोग्रॅममध्येही, दिसेना. डीफ्रॅग म्हणजे डिस्कवरची फाईल न् फाईल उचलून दुसरीकडे ठेवणं. धाप लागलेल्या माणसाला रात्रभर पोती उचलायला लावली तर दुसरं काय होणार? त्या व्यापाऱ्याचा एका हंगामाचा हिशेब कागदी पट्ट्यांवरून पुन्हा भरावा लागला. भरायला मीच बसलो होतो.

आता मी आधी क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचा छोटा, फुकट प्रोग्रॅम चालवतो. तो डिस्कची स्वतःची नोंदवही वाचून दाखवतो. वर निळ्या रंगात 'गुड' आलं तर पुढे जा. पिवळ्या रंगात 'कॉशन' आलं तर तीन ओळी बघा: क्रमांक ०५, सी ५ आणि सी ६. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदलून टाकलेले सेक्टर (डिस्कवरची माहिती ठेवायची छोटी घरं), सी ५ म्हणजे वाचता येत नसल्यानं निर्णयासाठी थांबलेले, सी ६ म्हणजे हात टेकलेले. सी ५ किंवा सी ६ शून्याच्या वर असेल आणि आकडा वाढत असेल, तर झाडलोट, डीफ्रॅग, डिस्क तपासणी, सगळं बंद. डेटा काढून घ्या आणि डिस्क बदला.

तब्येत ठीक असेल तर फाईल सिस्टीमची तपासणी करून घ्या. 'धिस पीसी' मध्ये सी ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स टॅब, आणि 'चेक' बटण. वारंवार लाईट जाणाऱ्या ठिकाणी मशीन कितीदा तरी धाडकन बंद झालेलं असतं. त्यातून नोंदींची गल्लत होते, ती इथे दुरुस्त होते. काम सुरू करण्याआधी यूपीएस खरोखर किती मिनिटं तग धरतो तेही बघून ठेवा. बहुतेक दुकानांत तो फक्त शिट्टी मारतो.

आणि हो, कॅबिनेट उघडून धूळ काढा. यार्डातल्या मशीनमध्ये धूळ पिवळी निघते. हळदीची भुकटी पंख्यावर बसते, ओलसर हवेत चिकटते, प्रोसेसर तापतो आणि तापला की स्वतःच वेग कमी करतो. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, मोकळा फिरू देऊ नका.

नको ते काढा

सेटिंग्ज, मग 'अॅप्स'. विंडोज ७ असेल तर कंट्रोल पॅनेल, 'प्रोग्रॅम्स अँड फीचर्स'. यादी वरून खाली वाचा. मुदत संपलेला अँटिव्हायरस, त्याच्या जोडीला बसवलेला दुसरा अँटिव्हायरस, तीन वर्षांपूर्वी विकलेल्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर, आणि मशीनचा वेग वाढवून देतो म्हणणारी एक-दोन नावं, एवढं हमखास सापडतं. दोन अँटिव्हायरस एकमेकांच्या मागे लागले की डिस्कला श्वास मिळत नाही. एक ठेवा. विंडोज १० आणि ११ मध्ये कंपनीचा स्वतःचा डिफेंडर असतोच, छोट्या दुकानाला तो पुरतो असं माझं मत आहे. प्रोग्रॅम नेहमी इथूनच काढा, फोल्डर डिलीट करून नको. ज्या नावाचा अर्थ लागत नाही ते राहू द्या.

मग पुन्हा टास्क मॅनेजर, 'स्टार्टअप' टॅब. मशीन सुरू होताना आपणहून उठणाऱ्यांची ही यादी. 'स्टार्टअप इम्पॅक्ट' रकान्यात 'हाय' असलेली, पण सकाळी लागत नसलेली नावं 'डिसेबल' करा. इथे काही डिलीट होत नाही, चुकलं तर परत 'एनेबल' करता येतं. डिजिटल सहीच्या टोकनचं आणि बिलिंगच्या डाँगलचं नाव तेवढं सोडा. एवढ्या एका पायरीनं जो फरक पडतो, तो पुढच्या दोन पायऱ्यांनी मिळूनही पुष्कळदा पडत नाही.

डिस्क क्लीनअप

स्टार्ट मेनूत डिस्क क्लीनअप शोधा, सी ड्राइव्ह निवडा. पहिली यादी आली की खालचं 'क्लीन अप सिस्टीम फाइल्स' दाबा, कारण मोठा कचरा त्या बटणामागे असतो. टेम्पररी फाइल्स, थंबनेल्स, विंडोज अपडेटचे अवशेष, एरर रिपोर्ट यांच्यावर निःशंक खूण करा. 'प्रीव्हिअस विंडोज इन्स्टॉलेशन' दिसलं तर ती जुन्या विंडोजची अख्खी प्रत असते, कित्येक जीबींची. नवीन विंडोज नीट चालत असेल आणि मागे फिरायचं नसेल, तरच काढा. नाही काढलं तरी बहुधा दहा दिवसांनी विंडोज स्वतःच काढतं.

दोन ठिकाणी हात आखडता घ्या. पहिलं, डाउनलोड्स. विंडोज १० च्या काही आवृत्त्यांत हे फोल्डरही कचऱ्याच्या यादीत येतं, आणि सेटिंग्जमधल्या 'स्टोरेज' पानावरही दिसतं. आपल्याकडे बँकेची स्टेटमेंटं, जीएसटीची चलनं, सातबाऱ्याचे उतारे सगळं डाउनलोड्समध्येच नांदत असतं. तिथली खूण काढा. दुसरं, रिसायकल बिन. एका दिवाणजींनी "लागतील तेव्हा घेऊ" म्हणून जुन्या पट्ट्या तिथेच ठेवल्या होत्या. मी हसलो, पण तेव्हापासून बिन रिकामा करण्याआधी मालकाला खुर्चीत बसवून एकदा दाखवतो.

याशिवाय खरी जागा कशानं खाल्लीय ते बघायला विनडरस्टॅट हा फुकट प्रोग्रॅम चांगला. तो प्रत्येक फाईलचा आकाराप्रमाणे रंगीत चौकोन काढतो. दुकानाच्या मशीनवर सगळ्यात मोठा चौकोन बहुधा कुणाच्या तरी लग्नाच्या व्हिडिओचा निघतो. तो बाहेरच्या डिस्कवर हलवा. विंडोजच्या फोल्डरातला विनएसएक्सएस नावाचा भाग मोठा दिसला तरी हातानं काही पुसू नका, त्याच्यावर अख्खी सिस्टीम उभी असते. हायबरनेशनची फाईल काढून जागा मिळवायचा सल्ला पुष्कळ जण देतात. तबकडीच्या डिस्कवर मी तो देत नाही, कारण तिच्याबरोबर फास्ट स्टार्टअपची सोयही जाते आणि मशीन सुरू व्हायला आणखी वेळ लागतो.

सी ड्राइव्हवर निदान पंधरा टक्के जागा मोकळी होईपर्यंत हे करत राहा. डीफ्रॅगला फाईली तात्पुरत्या ठेवायला मोकळं अंगण लागतं.

आता डीफ्रॅग

हळदीचं गोदाम डोळ्यांसमोर आणा. एका शेतकऱ्याची चाळीस पोती आली, एकाच थप्पीला लागली. मधून कुणाचा माल उठला, बारा पोत्यांची जागा झाली, पलीकडे पंधराची. पुढचा चाळीस पोत्यांचा लॉट आला की बारा इथे, पंधरा तिथे, तेरा दाराजवळ. माल सगळा आहे, पण उचलताना हमालाला तीन ठिकाणी पळावं लागतं. हार्ड डिस्कवर फाईली अशाच तुटतात. डिस्कचं हेड, म्हणजे तबकडी वाचणारा काटा, हा तो हमाल. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी तबकडी असली, तरी अर्ध्या फेऱ्याची सरासरी वाट बघण्यात चार मिलिसेकंद जातात. त्यात हेड सरकायचा वेळ धरला तर प्रत्येक तुकड्यामागे साधारण बारा मिलिसेकंद. पाचशे तुकड्यांची फाईल असली तर नुसत्या पळापळीत सहा सेकंद. टॅलीच्या फाईलवर रोज थोडं थोडं लिहिलं जातं, म्हणून ती हमखास अशी तुटलेली असते.

स्टार्ट मेनूतून 'डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' उघडा. सी निवडा, 'अॅनलाइज' दाबा. तुटल्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आत असेल तर खिडकी बंद करा, तुमचं दुखणं दुसरं आहे. जास्त असेल तर सगळे प्रोग्रॅम बंद करून 'ऑप्टिमाइझ' दाबा. अर्धा तास ते कित्येक तास, काहीही लागू शकतं, म्हणून दुकान बंद करताना लावा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून. टक्केवारी मागेपुढे होते, एकाच आकड्यावर अडकते. घाबरू नका, पण मध्येच बटण दाबून मशीन बंदही करू नका. थांबवायचं असेल तर 'स्टॉप' आहे.

काम झाल्यावर एखादा सिनेमा अजूनही तुटलेला आहे असं दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमनं सांगितलं तर दुर्लक्ष करा. ६४ एमबीपेक्षा मोठे तुकडे विंडोज मुद्दाम जोडत नाही, कारण एवढ्या मोठ्या तुकड्यांमध्ये हमालाची पळापळ नगण्य असते.

खालच्या 'चेंज सेटिंग्ज' मध्ये आठवड्याचं वेळापत्रक असतं, ते चालू ठेवा. खरं तर विंडोज हे काम आपणहून करतं, मशीन चालू पण रिकामं असताना. आपल्याकडे मशीन रिकामं झालं की मालक मेन स्विच पाडतो, म्हणून ते मागे पडत राहतं. आठवड्यातून एकदा दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मशीन चालू ठेवलं तरी बरंच निभतं.

एसएसडी असेल तर हा सगळा भाग सोडा. तिथे हमालच नाही, कुठलंही पोतं सारख्याच वेळात हातात येतं. उलट चिपेवर किती वेळा लिहिता येईल याला मर्यादा असते, आणि बाहेरचा जुना डीफ्रॅग प्रोग्रॅम ती फुकट खर्च करतो. विंडोजच्या खिडकीत एसएसडीवर 'ऑप्टिमाइझ' दाबलं तर मुख्यतः ट्रिम होतं, म्हणजे पुसलेल्या फाईलींची जागा आता मोकळी आहे असं डिस्कला कळवलं जातं. ते दाबायला हरकत नाही, काही सेकंदांत होतं.

रजिस्ट्री

रजिस्ट्री ही विंडोजची खातेवही. पूर्वी प्रत्येक प्रोग्रॅमची स्वतंत्र आयएनआय फाईल असायची. विंडोज ९५ पासून त्या नोंदी मुख्यतः एकाच वहीत आल्या. प्रोग्रॅम काढला तरी त्याची दोन-चार पानं मागे राहतात, हे खरं आहे. 'तुमच्या मशीनमध्ये ८४७ चुका' असं लाल अक्षरांत दाखवणारे प्रोग्रॅम याच पानांवर धंदा करतात.

वजन बघा. अख्खी रजिस्ट्री शंभर-दोनशे एमबीच्या आसपास. ही आठशे पानं मिळून काही केबी. वहीतून चार कोरी पानं फाडल्यानं खातं शोधायचा वेळ कमी होत नाही, कारण विंडोज वही पहिल्या पानापासून वाचत जात नाही, थेट खात्यावर जातं. फाडताना मात्र मागच्या बाजूला कुणाचं चालू खातं आहे ते क्लीनरला नेहमी कळत नाही. मी एकदा असाच एक फुकट क्लीनर गिऱ्हाइकासमोर ऐटीत चालवला. मशीन झकास सुरू झालं, पण वजनकाट्याची केबल ओळखेना आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर गायब. बाहेर ट्रॅक्टर उभे, आत मी ड्रायव्हरची सीडी शोधतोय. मायक्रोसॉफ्टही या क्लीनरांच्या वापराला पाठबळ देत नाही. रजिस्ट्रीचं डीफ्रॅग म्हणून जे विकतात, त्याला २५६ एमबी रॅमच्या काळात काही अर्थ असेल, आज नाही.

कधीकधी मात्र एखादी नोंद काढावीच लागते. उदाहरणार्थ, काढून टाकलेल्या प्रोग्रॅमची फाईल सापडत नाही असा निरोप रोज सकाळी येतो. आधी टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमध्ये तो बंद होतो का बघा, बहुतेक वेळा होतो. नाही झाला तर असं करा.

१. स्टार्ट मेनूत 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' शोधा. सी ड्राइव्हसमोर प्रोटेक्शन 'ऑफ' असेल तर 'कॉन्फिगर' मधून चालू करा, मग 'क्रिएट' दाबा. पुष्कळ मशीनवर ते बंदच असतं.

२. रजिस्ट्री एडिटर उघडा. 'करंट युजर' च्या मुख्य फोल्डरातून सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, रन असं उतरत जा. तिथे नसेल तर 'लोकल मशीन' खाली हाच रस्ता.

३. 'रन' वर राइट क्लिक, 'एक्सपोर्ट', आणि फाईल पेन ड्राइव्हवर ठेवा.

४. उजवीकडे त्या प्रोग्रॅमच्या नावाची एकच ओळ पुसा. शेजारची अनोळखी दिसली तरी नको.

५. रिस्टार्ट करा. काही बिनसलं तर पेन ड्राइव्हवरच्या फाईलवर डबल क्लिक केलं की नोंद परत येते.

या एडिटरमध्ये 'अनडू' नाही, 'सेव्ह' ही नाही. पुसलं की त्या क्षणी पुसलं. विंडोज १० पूर्वी रजिस्ट्रीची एक प्रत आपणहून बाजूला ठेवायचं, २०१८ च्या १८०३ आवृत्तीपासून तेही बंद झालंय. म्हणून तिसरी पायरी.

एवढं करूनही रखडत असेल तर

तबकडीच्या डिस्कवर विंडोज १० चालवणं हेच मुळात ओढून-ताणून आहे. वर सांगितलेलं सगळं केलं की मशीन सुधारतं, उडत नाही. जुन्या डिस्कच्या जागी साटा जोडणीची एसएसडी बसवून, आहे ती विंडोज तशीच तिच्यावर क्लोन केली, तर तेच मशीन ओळखू येत नाही. मालक खर्चाला तयार असेल तर मी डीफ्रॅग लावायच्या आधी हे सुचवतो, त्यात माझी मजुरी कमी होते तरीसुद्धा. मात्र १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपलाय, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, जी बऱ्याच जुन्या बोर्डांवर नसते. त्यामुळे दहा-बारा वर्षांच्या मशीनवर पैसे घालताना बँकेचे व्यवहार त्यावर होतात का, हे मी आधी विचारतो. होत असतील तर ते नव्या मशीनवर न्यायला सांगतो आणि जुनं पट्ट्यांपुरतं ठेवायला.

हे सगळं काम डिसेंबरात करून घ्या, हळद यायच्या आत. कॅबिनेट बंद करण्याआधी मी आतल्या पत्र्यावर मार्करनं तारीख टाकतो. गेल्या हंगामात एक उघडलं, आत माझ्याच अक्षरात २०१४ होतं. त्यावरची पिवळी भुकटी बोटानं पुसल्यावर ते वाचता आलं.